शंभराला दोन

ट्रेलर यायला अजून नऊ आठवडे होते, तेव्हाच पॅटर्नमेकरने तो बनवून टाकला. घरामागच्या शेडमध्ये, प्लायवूडचा, चाकं सोडून बाकी सगळा. वाट बघणं हे काम त्याला कधी जमलंच नव्हतं. अडतीस वर्षं फाउंड्रीत काढलेला माणूस. तिथे कुठलीही वस्तू धातूची होण्याआधी त्याच्या हातून लाकडाची होऊन जायची. पंप असो, गिअरची पेटी असो, नाहीतर एखाद्या यंत्राचा पाय असो, आधी त्याने तो लाकडात हुबेहूब घडवायचा, मग ते लाकूड वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि साच्यात वितळलेला धातू ओतायचा. लाकडात न बघितलेली वस्तू खरी असते, यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता.

त्यात कंपनीने तारखांचा खेळ मांडला होता. आधी म्हणाले सहा आठवडे, मग दहा, मग ‘अ‍ॅक्सल बाहेरून येतोय, त्यावर अवलंबून’. फोनवरची बाई इतकं गोड बोलायची की भांडण उकरून काढायलाही जागा सापडत नसे. मग हा कॅटलॉग घेऊन बसायचा. कॅटलॉगची पानं हाताळून हाताळून कापडासारखी मऊ झाली होती. ट्रेलर इतका हलका की दोन माणसांनी पुढचं टोक उचलून हातानेच वळवावा. टायर मात्र दणकट, उंच, आणि दोन्ही चाकांना वेगळी स्प्रिंग, म्हणजे एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं आपलं जमिनीवर. मागे ओट्यासारखं स्वयंपाकघर, खण ओढावा तसं बाहेर येणारं. आणि वर, झाकणासारखा चपटा दिसणारा तंबू. एक पट्टा सोडून ओढायचं, की तो पुस्तकासारखा उलगडून बाजूला उभा राहणार, आत दोघांची गादी, चढायला पाच पायऱ्यांची शिडी. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकावं लागत होतं.

मूळ कल्पना मात्र त्याची नव्हती. ती बायकोची. ती पडदे शिवायची, लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायची आणि तयार पडदे स्वतः टांगून द्यायची. अशाच एका घरी खिडकी मोजताना तिला टेबलावरच्या मासिकात या ट्रेलरचा फोटो दिसला. तिचे वडील रस्त्याच्या कामावर मुकादम होते. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिने त्यांच्याबरोबर तंबूत काढल्या होत्या, वर पठारावर, एका तळ्याच्या काठाला. तो रस्ता पुढे पूर्ण झालाच नाही. शेवटचे अकरा किलोमीटर अजूनही दगडगोटे आणि ओहोळ. तळ्याशी ना हॉटेल, ना घर. तिला तिथे एकदा जाऊन झोपायचं होतं, एवढंच. छत्तीस वर्षांच्या संसारात तिने आपण होऊन मागितलेली ही बहुधा पहिली मोठी गोष्ट होती, आणि नवऱ्याच्या ते लक्षात यायला दोन दिवस लागले.

अडचणही तिचीच होती. सहा वर्षांपूर्वी ती पडद्यांचे अकरा गुंडाळे घेऊन एका इमारतीच्या लिफ्टमध्ये चढली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच बंद पडली. वीजही गेली. साडेतीन तास ती त्या उभ्या गुंडाळ्यांमध्ये अंधारात होती. बाहेर आली ती आपल्या पायांनी, मेकॅनिकचे आभार मानले, वर जाऊन पडदेसुद्धा टांगले आणि मग घरी आली. त्रास सुरू झाला तो दुसऱ्या दिवसापासून. तेव्हापासून न्हाणीघराला आतून कडी लागली नाही. गाडीत बसली की कितीही थंडी असो, काच बोटभर खाली हवीच. कुणी नकळत काच वर केली की तिचा हात आपोआप बटणावर जायचा. पॅटर्नमेकर याबद्दल काही बोलत नसे. न्हाणीघराच्या बाहेर पेपर वाचत बसण्याची सवय मात्र त्याने लावून घेतली होती.

त्यामुळे ऑर्डर देताना तिने स्वतःच अट घातली. ट्रेलर कारखान्यातून निघेपर्यंत ऑर्डर रद्द करता येत होती. तोपर्यंत आपण चारही बाजू बंद करून तंबूत एक झोप काढून दाखवायची. जमलं तर ट्रेलर मागवायचा, नाही जमलं तर नाव काढायचं नाही. नवऱ्याने विचारलं, तंबूच नाही तर झोपणार कशात? तिने शेडकडे बोट दाखवलं.

म्हणजे प्लायवूडचा ट्रेलर हा निव्वळ त्याच्या उतावळेपणाचा प्रताप नव्हता. त्याने तो नऊ दिवसांत उभा केला. कॅटलॉगमधले आकडे वाचायचे, पट्टी टेकवायची, पेन्सिलीची रेघ मारायची, कापायचं. खाली पेटी, वर पलंगाएवढी फळी, फळीला चहूबाजूंनी काठ, काठावर लाकडी दांड्यांचा सांगाडा. कापडाचं काम बायकोचं. तिने कॅटलॉग मागून घेतला, आपले आकडे आपण उतरवून घेतले आणि जाड कापडाचं छत, चार बाजूंचे चार पडदे, चेन आणि जाळीची खिडकी असं सगळं शिवलं. दांड्यांना बांधायला भरपूर नाड्या लावल्या. त्याने शिवणात लक्ष घातलं नाही, तिने सुतारकामात घातलं नाही. हा त्यांच्या घरातला जुना तह होता.

तहाला कारण घडलं होतं लग्नाच्या पहिल्या वर्षी. तिची टेप सापडेना म्हणून तिने त्याच्या पिशवीतली पोलादी पट्टी काढली आणि एका गिऱ्हाइकाचे आठ पडदे कापले. आठही पडदे जमिनीवर लोळले. संध्याकाळभर त्याने तिला समजावून सांगितलं होतं की वितळलेला धातू थंड होताना आटतो. पोलाद शंभराला दोन आटतं. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. आता दर मापाला हिशेब कोण करणार? म्हणून पट्टीच वाढीव बनवतात. लिहिलेलं असतं शंभर, पण असतात एकशे दोन. दिसायला मात्र चारचौघींसारखी. ‘ही पट्टी खोटं बोलते,’ तो म्हणाला होता, ‘पण किती खोटं बोलते ते आम्हाला माहीत असतं. तू हिला हात लावू नकोस.’ त्यानंतर तिने लावला नाही.

तालमी दुपारी व्हायच्या, जेवण उरकलं की. पहिल्या दिवशी ती शिडीवरून वर गेली, चारही पडदे गुंडाळलेले ठेवून नुसती आडवी झाली आणि तीन मिनिटांत खाली आली. नवरा हातात घड्याळ घेऊन खाली उभा होता. तिने त्याला सांगितलं की घड्याळ घेऊन उभं राहायला ही शर्यत नाही. तेव्हापासून तो शेडच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसू लागला आणि घड्याळ चोरून बघू लागला. मिनिटं तो प्लायवूडच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने लिहून ठेवायचा. तीन. पाच. एक पडदा खाली सोडून सात. मग एकदम दोनच, कारण त्या दिवशी बाहेर कुणीतरी मोटरसायकलची चेन खडखडवली आणि तिला लिफ्टची आठवण झाली. तिसऱ्या आठवड्यात दोन पडदे बंद करून वीस मिनिटं. ती खाली उतरायची तेव्हा तिच्या कपाळावरचा घाम त्याला दिसायचा आणि तो दुसरंच काहीतरी बोलायचा, बहुतेक टायरबद्दल.

मधल्या वेळात शेजारचा क्लच त्याला ट्रेलर मागे कसा घ्यायचा ते शिकवत होता. क्लच गाडी चालवायला शिकवायचा. ‘क्लच सोड, क्लच सोड’ असं दिवसभर ओरडून त्याचं खरं नाव सगळे विसरले होते, त्याची स्वतःची बायकोसुद्धा फोनवर त्याला क्लचच म्हणायची. ट्रेलर जोडून गाडी मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे पॅटर्नमेकरच्या डोक्यात शिरत होतं पण हातात उतरत नव्हतं. मग क्लचने गाडीच्या मागे ढकलगाडी दोरीने बांधली. ती भिंतीवर गेली, कुंड्यांवर गेली, एकदा क्लचच्या स्वतःच्या पायावर गेली. क्लचने लंगडत सांगितलं की वहिनींना तंबूची भीती वाटते हे तो समजू शकतो, पण त्यांनी आधी हे बघितलं असतं तर तंबूचं काही वाटलं नसतं.

पुढे अ‍ॅक्सल आला. कंपनीने कळवलं की ट्रेलर तयार आहे, शुक्रवारी सकाळी ट्रकवर चढेल. पाठवायचा की रद्द करायचा ते गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत सांगा. गादी वेगळीकडून येते, ती आधीच घरपोच मिळेल. नको असेल तर परत घेऊ.

आदल्या रविवारी बायको जेवून शिडी चढली. एक पडदा पडला, दुसरा पडला, तिसरा पडला. मग बराच वेळ काही नाही. पॅटर्नमेकर बाहेर खुर्चीत ताठ बसून राहिला. मग चौथी चेन लागल्याचा आवाज आला, अगदी सावकाश, दात मोजत लावल्यासारखा. दहा मिनिटं गेली, वीस गेली. आतून हाक नाही की हालचाल नाही. चाळिसाव्या मिनिटाला त्याला राहवेना, तो चवड्यांवर चालत आत गेला आणि कापडाला कान लावला. ती घोरत होती. एवढ्या वर्षांत तिचं घोरणं त्याला पहिल्यांदाच गोड लागलं. ती उठली तेव्हा त्याने लाकडावर लिहिलं, सत्तर, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

तरी तिने लगेच होकार कळवला नाही. गुरुवारी आपणच फोन करीन म्हणाली. घाई कशाला? तो दिवसातून चार वेळा तिच्या तोंडाकडे बघायचा आणि ती आपली शिवत बसायची.

गुरुवारी सकाळी ती पडदे टांगायला गेली, चारपर्यंत येते म्हणून. अकराला गादी आली. पॅटर्नमेकरने वेष्टण फाडलं, पडदे वर गुंडाळलेलेच होते, गादी शिडीवरून चढवली आणि फळीवर टाकली. गादी आखूड होती. पायथ्याला काठ आणि गादी यांच्यात चार सेंटिमीटरची फट. बाजूलाही फट. त्याने गादी वर सरकवली, खाली सरकवली, ठोकून ताणून बघितली. मग पट्टी काढून मोजली. लांबी दोन हजार मिलिमीटर हवी होती, भरली एकोणीसशे साठ. रुंदी चौदाशे हवी, तर तेराशे बहात्तर. त्याला संताप आला आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. इतक्या आठवड्यांत त्या गोड बाईला सुनवायला पहिल्यांदाच काहीतरी मिळालं होतं.

त्याने फोन लावला आणि सुनवलं. अडतीस वर्षं मापाचं काम केलंय, मिलिमीटर तर सोडाच, त्याच्या दहाव्या भागाला जबाबदार होतो, आणि तुमची गादी चाळीस मिलिमीटर आखूड. बाईने सगळं ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली आणि म्हणाली, “काका, रागावू नका, पण एकदा दुसऱ्या टेपने मोजून बघता का?”

आयुष्यात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बघतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला तो केवळ तिची चूक तिच्या पदरात घालायला. बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातून कापडी टेप काढली आणि गादी दोन टप्प्यांत मोजली. दोन हजार. रुंदी चौदाशे.

मग त्याने पट्टी फळीवर ठेवली, तिच्या शेजारी टेप ताणून लावली, दोन्हींचं टोक एका रेघेवर घेतलं. पट्टी हजारावर संपली तिथे टेप एक हजार वीस दाखवत होती. त्याने दोन्ही ठिकाणी पेन्सिलीने रेघा मारल्या आणि मध्ये आकडा लिहिला, वीस. हात सवयीने लिहून गेला.

पट्टी त्याला निवृत्तीच्या दिवशी मिळाली होती. कामावर तो रोज जी वापरायचा तीच, पण पोरांनी प्रेमाने आरशासारखी घासून दिली होती, आणि त्या घासण्यात मागच्या अंगाला कोरलेलं ‘पोलाद’ पुसून गेलं होतं. साधी पट्टी कारखान्याची होती, ती कारखान्यातच राहिली. घरी आल्यापासून दोन वर्षं त्याने जे काही बनवलं, चपलांचं कपाट, न्हाणीघरातली फळी, मुलीच्या घरचं टेबल, ते सगळं शंभराला दोनच्या हिशेबाने मोठं होतं. त्यातलं एकही दुसऱ्या कशात बसवायचं नव्हतं म्हणून कुणाला कळलं नाही. पट्टी खोटं बोलते हे जगाला सांगत फिरणारा माणूस स्वतःच दोन वर्षं तिच्यावर विश्वास ठेवून बसला होता.

चपलांच्या कपाटाचं त्याला हसू आलं असतं. पण मग त्याला तंबू आठवला. आडवं झाल्यावर छत हजार मिलिमीटरवर हवं, ते एक हजार वीसवर होतं. पायथ्याला चार सेंटिमीटर, बाजूला तीन, डोक्यावर दोन. दुसऱ्या कुणाला ते काहीच वाटलं नसतं. पण त्याची बायको गाडीच्या काचेची बोटभर फट सांभाळणारी होती. गेले दोन महिने ती घाम पुसत, एकेक पडदा सोडत ज्या खोलीला सरावली, ती खोली खरी नव्हतीच. खऱ्या तंबूत छत खाली येणार, भिंती आत येणार, आणि ते तिला कळणार ते तळ्याकाठी, जिथून मागे अकरा किलोमीटर दगड. एकदा तिथे तिचा श्वास कोंडला की ती पुन्हा कशातही शिरणार नाही, आणि नवऱ्याने बांधलेल्या कशात तर नाहीच. त्याला भीती वाटली.

फाउंड्रीत एक रीत होती. पॅटर्न चुकीचा निघाला की ज्याने केला त्यानेच तो त्याच दिवशी करवतीने मधोमध कापायचा. ठेवायचा नाही, दुरुस्त करतो म्हणायचं नाही. कारण ठेवलेला पॅटर्न कधीतरी कुणीतरी उचलून वाळूत दाबतो आणि मग चुकीचा धातू जन्माला येतो. पॅटर्नमेकरने अडतीस वर्षांत दुसऱ्यांचे कितीतरी पॅटर्न कापताना बघितले होते. स्वतःचा कधी कापावा लागला नव्हता, याचा त्याला गर्व होता आणि तो गर्व तो लपवत नसे. आता त्याने भिंतीवरची करवत काढली. साडेतीन वाजले होते.

कापायच्या आधी कापड सोडवायला हवं होतं. त्याने गुंडाळलेले पडदे खाली सोडले. पडदे काठावर पडले नाहीत. काठाच्या आत पडले, गादीला चिकटून, चारही बाजूंनी. तो वाकून बघू लागला. दांड्यापासून कापडापर्यंत सगळीकडे बोटभर नाड्या होत्या. आखूड, एकसारख्या, मापून शिवलेल्या. त्या नाड्या म्हणजे बायकांची शिवणातली काहीतरी हौस, असं तो समजत होता. त्याने तिची टेप घेतली आणि कापडाची खोली मोजली. लांबी दोन हजार. रुंदी चौदाशे. फळीपासून छत एक हजार.

त्याचा जीव भांड्यात पडला. सांगाडा चुकला होता, खोली चुकली नव्हती. ती रविवारी घोरत होती ती खऱ्या मापात. तो शिडीच्या पायरीवर बसला आणि त्याला हातातली करवत ठेवायचंही भान राहिलं नाही.

चारला ती आली, खांद्यावर पिशवी. शेडच्या दारातूनच तिने गादी बघितली, खाली सोडलेले पडदे बघितले आणि करवत बघितली.

“करवत कशाला?”

त्याने सांगितलं की गादी आली. ते तिला दिसतच होतं. ती जवळ आली, पडद्याची एक नाडी बोटाने चाचपली आणि जरा हसली.

“सांगाडा मोठा आहे म्हणून का? राहू दे. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कापड बांधायला गेले तर सगळीकडून फट. म्हटलं, यांच्या हातून तर माप चुकत नाही. म्हणजे मुद्दाम केलंय. माझ्यासाठी.”

“मग कापड मोठं का नाही शिवलंस?” त्याने विचारलं.

“खरा थोडाच मोठा असणार आहे? मी आपलं बरोबर मापाचं शिवलं आणि नाड्या लावल्या.” ती पिशवी खांद्यावरून उतरवत होती. “पण आत पडल्यावर श्वास अडायला लागला ना, की मनात म्हणायचे, पडद्याच्या पलीकडे अजून बोटभर जागा आहे. यांनी ठेवलीय. छत्तीस वर्षांत तुम्ही कुणासाठी केसभर इकडचं तिकडे केलं नाहीत. एवढंसं केलंत, तेही न सांगता. म्हणून मीही बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही कापून सरळ केलं असतंत.”

पॅटर्नमेकरला लाज वाटली, कानापर्यंत. ती वाढ पोलादाची होती. बायकोचा त्यात विचारच नव्हता. खरं सांगायचं तर एक वाक्य पुरलं असतं, आणि चुकीचं माप त्याने आजवर कुणाचंही चालू दिलं नव्हतं, साहेबाचंसुद्धा. पण ते वाक्य बोललं की त्या पडद्यापलीकडे तिच्यासाठी काय उरणार? एका म्हाताऱ्याचा विसरभोळेपणा. पाच वाजायला पाऊण तास होता.

“हो,” तो म्हणाला. “मुद्दामच केला.”

त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. तो पायरीवरून उठून बाजूला झाला. पिशवी ठेवायला ती शिडीच्या दोन पायऱ्या चढली, आणि फळीच्या टोकाशी गादीजवळ तिला तिची टेप दिसली. टेपच्या शेजारी पट्टी होती, टोकाला टोक लावून. दोन रेघा होत्या आणि मध्ये त्याच्या सुबक अक्षरात वीस. ती तिथेच थांबली. पस्तीस वर्षांत हात न लावलेली ती पट्टी तिने उचलली, उलटून गुळगुळीत पाठ बघितली आणि पुन्हा सुलट केली. पॅटर्नमेकरला ते बघायचं नव्हतं म्हणून तो करवतीच्या दातांकडे बघत राहिला.

तिने पट्टी खिळ्याला अडकवली. टेप बोटाभोवती गुंडाळून खिशात टाकली. मग वर चढून गादीवर बसली आणि तीन चेनी लावल्या. चौथ्या पडद्यातून तिने डोकं बाहेर काढलं.

“या आत.”

“मी?”

“मग आणखी कोण? गादी दोघांची आहे ना?”

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. दोन महिने तालीम चालली होती आणि त्यातला एकही दिवस त्याने आत पाऊल ठेवलं नव्हतं. तो दाराबाहेर खुर्चीवर. दोन सेंटिमीटरसाठी करवत काढणाऱ्या माणसाने स्वतःची रुंदी धरलीच नव्हती. दोघांच्या मापाचा पॅटर्न त्याने एका माणसावर तपासला होता, आणि ती ते पहिल्या दिवसापासून जाणून असणार. रविवारनंतर तिने होकार का लांबवला, तेही त्याला आता कळलं.

त्याने करवत भिंतीवर टांगली, चपला काढल्या आणि वर चढला. आत वाकून, गुडघे आपटत, तिच्या पायावरून तो आपल्या बाजूला गेला आणि पाठीवर पडला. तिने चौथी चेन लावली. अंधार झाला नाही, जाळीतून उजेड येत होता, पण जागा खरोखरच संपली. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला. तिचा श्वास जोरात चालू झालेला त्याला ऐकू येत होता. त्याने आपला श्वास रोखून धरला, उगाच, हवा वाचवावी म्हणून. मग तो हळूच बाहेरच्या अंगाला सरकला. कापड फुगलं, नाड्या ताणल्या गेल्या आणि तो बोटभर फट ओलांडून दांड्याला टेकला. तिच्या खांद्याशी तेवढी जागा झाली.

ती बराच वेळ छताकडे बघत पडून राहिली. श्वास हळूहळू खाली आला. मग तिने पडल्या पडल्या खिशातून फोन काढला आणि कंपनीचा नंबर लावला. पलीकडून ती गोड बाई बोलत होती, आणि शब्द त्यालाही ऐकू येत होते. सकाळी काकांनी गादी आखूड असल्याची तक्रार केली होती, ती अजून उघडी आहे, दुसरी गादी पाठवायची का?

“नको,” बायको म्हणाली. “गादी बरोबर आहे. आमच्याकडची पट्टी वाढीव होती.”

पॅटर्नमेकरने डोळे मिटले. दांडा त्याच्या बरगडीत रुतत होता, पण तो हलला नाही. पलीकडची बाई सांगत होती, उद्या ट्रक निघाला की मग रद्द करता येणार नाही.

“हो, मला माहीत आहे,” ती फोनवर सांगत होती. “तुम्ही तक्रार बंद करा आणि ट्रेलर पाठवा.”

फोन ठेवल्यावरही तिने चेन उघडली नाही.